धाकट्या सिस्टर आणि तीन पॉइंट पाच पॉइंट एक

परीक्षेच्या आदल्या मंगळवारी धाकट्या सिस्टर झाकलेला स्टीलचा डबा घेऊन सरांच्या खोलीत शिरल्या, त्यांनी आतून कडी लावली, पाव तास बाहेर आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा पेपरची उत्तरं त्यांच्या खिशात होती. अशी कुजबुज आमच्या हॉस्पिटलात एके काळी होती. डब्यात काय होतं यावर तर दोन तट पडले होते. एक म्हणायचा गोडधोड, दुसरा म्हणायचा पाकीट. मी तेव्हा औषधांच्या खिडकीवर बसायचो. त्या खिडकीतून औषधं बाहेर जायची आणि बातम्या आत यायच्या, त्यामुळे दोन्ही तटांचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. मी कुठल्या तटात होतो ते मात्र विचारू नका.

धाकट्या सिस्टर म्हणजे आमच्या लसीकरण खोलीच्या सिस्टर. वय त्रेपन्न, अंगाने चांगल्या भरभक्कम, दारातून आल्या की आधी दार दिसेनासं व्हायचं. तरी नाव धाकट्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा खोलीत दोन सिस्टर होत्या, एक थोरल्या आणि एक या. थोरल्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण यांना थोरलं करायचं कुणाला सुचलंच नाही. एकोणतीस वर्षं त्या एकाच खोलीत होत्या. एक खिडकी, दोन फ्रीज, एक वजनकाटा, रडणाऱ्या पोरांसाठी भिंतीवर चिकटवलेला कागदी हत्ती. त्या हत्तीचं शेपूट पोरांनी ओढून ओढून चारदा तुटलं आणि चारदा सिस्टरांनी चिकटवलं.

आणि एक दिवस फर्मान आलं. लसीकरण खोली यापुढे त्यालाच मिळणार, ज्याच्याकडे बायोस्टॅटिस्टिक्सचं प्रमाणपत्र असेल. म्हणजे रोगांचे, लसींचे आकडे मांडून त्यातून अर्थ काढायचं शास्त्र. कोर्स तीन महिन्यांचा, शेवटी परीक्षा. पास झालात तर खोली तुमची. नाही झालात तर केस-पेपर काढायच्या खिडकीवर बदली, निवृत्तीपर्यंत.

"तिथे काय वाईट आहे?" सिस्टरांचे यजमान म्हणाले. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत. "बसून तर राहायचंय. नाव, वय, पत्ता."

"अहो, एकोणतीस वर्षं मी पोरांच्या दंडाकडे बघितलंय. आता म्हाताऱ्यांच्या आधार कार्डाकडे बघू?"

"मग कर कोर्स. गणितात किती मार्क होते तुला?"

"ते तुम्हाला लग्नाआधी विचारायला हवं होतं."

कोर्स शिकवणारे सर म्हणजे आमचे दशांश सर. दशांशाशिवाय त्यांचं पान हलत नसे. पेनची शाई किती उरली आहे तेही ते दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतील असं वाटायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी तेवीस विद्यार्थ्यांना एक एक कागद वाटला. सॉफ्टवेअर लॅपटॉपवर कसं चढवायचं, त्याच्या सूचना. तोपर्यंत हॉस्पिटलला जोडलेल्या कॉलेजच्या संगणकांवर सगळं आयतं असायचं. ते संगणक त्या वर्षी मोडीत निघाले आणि प्रत्येकाने आपापला लॅपटॉप आणायचा असं ठरलं. सरांच्या खोलीतला जुना संगणक तेवढा वाचला, कारण त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्या सॉफ्टवेअरचं नाव एकाच अक्षराचं. आर. यजमानांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "एवढंच नाव? बाकीचं कुठे हरवलं?" पण नाव लहान असलं तरी खोड मोठी. नुसतं ते चढवून भागत नव्हतं. ते म्हणजे इंजिन. त्यावर दुसरं एक सॉफ्टवेअर, ते म्हणजे गाडीची खिडकी आणि स्टिअरिंग. सिस्टरांनी आधी खिडकी बसवली. इंजिन नाही म्हणून ती उघडेना. मग इंजिन बसवलं, तर खिडकीला ते सापडेना. त्यानंतर पॅकेजेस. पॅकेज म्हणजे इंजिनाला जोडायची जास्तीची हत्यारं, एक आलेख काढायला, दुसरं रुग्ण किती दिवस जगले ते मोजायला, तिसरं आणखी कशाला तरी.

"आणली की झालं ना?" सिस्टरांनी विचारलं.

"आणायची एकदा," शेजारच्या बाकावरची दात डॉक्टर म्हणाली, "पण वापरायची प्रत्येक वेळी बाहेर काढून."

"म्हणजे बाजारातून एकदा आणायचं, आणि रोज कपाटातून काढायचं."

"अगदी बरोबर, सिस्टर."

दात डॉक्टर ही पोरगी हुशार होती, तरतरीत होती, आणि जिभेला हाड नव्हतं. दातांचं काम करणाऱ्याला ते परवडतं. समोरच्याला तोंड उघडं ठेवायला लावून आपण बोलत राहायचं. तिने पंधरा मिनिटांत सगळं चढवलं आणि उरलेला तास सिस्टरांची फजिती बघण्यात घालवला.

सिस्टरांनी घरी पॅकेज आणायची आज्ञा दिली आणि पडद्यावर लाल अक्षरांची धार लागली. ओळीमागून ओळ, लालच लाल. त्यांचा हात लॅपटॉपच्या झाकणाकडे गेला. आता त्यांच्या खोलीत नियम असा, की फ्रीजवरचा लाल दिवा लागला की आतला माल वापरायचा नाही, बाजूला काढून टाकायचा. एकोणतीस वर्षं मनावर कोरलेला नियम. त्यांनी सगळं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. इंजिन, खिडकी, पॅकेज. पुन्हा लाल. पुन्हा पुसलं. असं अकरा वेळा. बाराव्या वेळी यजमानांनी डोळ्यावरचं भिंग काढून पडद्याला लावलं आणि एक ओळ वाचली.

"अगं, इथे लिहिलंय, डाउनलोड पूर्ण झालं."

"लाल अक्षरांत?"

"लाल अक्षरांत."

"चांगली बातमी कुणी लाल अक्षरांत देतं का हो?" सिस्टर हताश होऊन म्हणाल्या. "मग खरंच काही बिघडलं तर हे काय करणार, नाचणार?"

दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट पसरली, आणि कुणी लाल पेन काढलं तरी लोक "सिस्टर, पुसा पुसा" म्हणू लागले. सिस्टरही हसल्या. पण खरं घोडं अडलं ते पुढेच.

सरांच्या कागदावर इंजिनाच्या नावापुढे एक आकडा होता. 3.5.1. त्याला म्हणतात व्हर्जन. कागद पाच वर्षांपूर्वीचा, कॉलेजच्या संगणकांसाठी केलेला, सरांनी त्याच्याच प्रती काढल्या होत्या. सॉफ्टवेअरच्या साइटवर मात्र मोठ्या बटणावर नवं व्हर्जन, 4.3. वर्गात कुणीतरी विचारलं तेव्हा सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "नवं घ्या, काही फरक पडत नाही." बावीस जणांनी ते मोठं बटण दाबलं. बारा वेळा तेच बटण दाबलेल्या सिस्टरांचं मात्र कागदावरच्या आकड्याकडे आत्ता लक्ष गेलं, आणि त्यांनी त्या दिवशी घरी येऊन बाराव्यांदा बसवलेलंही पुसलं.

"हे कशाला पुसतेस? आता तर चाललंय," यजमान म्हणाले.

"कागदावर वेगळा बॅच नंबर आहे."

"सरांनी नवं चालेल म्हटलं ना?"

"तोंडी म्हटलं. डॉक्टरने तोंडी सांगितलेला डोस मी कधी दिलाय का? कागदावर लिहून द्या म्हणते. कागदावर 3.5.1 लिहिलंय."

यजमानांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.

जुनं व्हर्जन मिळवणं म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यातली गोळी शोधणं. सिस्टर गेल्या वायरमामांकडे. वायरमामा म्हणजे कॉलेजचे संगणक, पंखे आणि पाण्याचा पंप, तिन्ही सांभाळणारा माणूस. खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल.

"मामा, मला जुनं पाहिजे."

"सिस्टर, लोक जुनं टाकून नवं मागतात. तुम्ही उलट्या गंगेत."

"बॅच नंबर जुळल्याशिवाय मी सुई लावत नाही."

"हे सॉफ्टवेअर आहे, गोवर नाही."

पण मामा भला माणूस. त्यांनी साइटच्या एका कोपऱ्यातलं अडगळीचं दालन दाखवलं, तिथे सगळी जुनी व्हर्जन्स ओळीने मांडलेली. 3.5.1 सापडलं, बसलं. मग पॅकेज आणायला गेल्या तर पडदा म्हणाला, हे पॅकेज तुमच्या व्हर्जनसाठी नाही. नव्या हत्यारांना जुनं इंजिन चालेना. मग त्याच काळातली हत्यारं अडगळीतून शोधायची. एक आणलं की ते म्हणे, मला अमुक दुसरं लागतं. दुसरं आणलं की त्याला तिसरं. सिस्टरांच्या डोक्याचा पार भुगा झाला. वहीत त्यांनी कोणाला कोण लागतं याचा तक्ता काढला होता. मी तो पाहिलाय. एखाद्या मोठ्या खानदानाची वंशावळ वाटावी, फक्त कोण कोणाचा काका ते कळत नव्हतं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सगळं चाललं. का चाललं ते सिस्टरांना कळलं नाही, मामांनाही नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लॅपटॉपला हात लावायचा नाही असं ठरवलं.

परीक्षेत पाच प्रश्न होते. चार सरळ. पाचवा, एकट्यालाच निम्मे मार्क, म्हणजे तो चुकला की नापास, असा: नऊशे मुलांच्या वजनांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून साठ मुलं निवडा आणि त्यांचं सरासरी वजन काढा. चिठ्ठ्या अर्थात संगणक काढणार. आणि सगळ्यांना तीच साठ मुलं यावीत म्हणून संगणकाला आधी एक ठरलेला आकडा सांगायचा. तो सांगितला की कुठल्याही यंत्रावर चिठ्ठ्या त्याच निघतात. असं सरांनी शिकवलं होतं.

निकाल लागला. बावीस जणांचं उत्तर 11.618 किलो. धाकट्या सिस्टरांचं 11.374. सरांच्या उत्तरपत्रिकेत, त्यांच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर काढलेलं उत्तर, 11.374. बावीस जण नापास, एक पास.

आता तुम्हीच सांगा, जी बाई चांगल्या बातमीला घाबरून अकरा वेळा सगळं पुसते, तिचं उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत सरांशी जुळतं, आणि शहाण्यासुरत्या बावीस जणांचं एकमेकांशी जुळून सरांशी जुळत नाही! लोकांची डोकी चक्रावली. कुणी म्हणे बावीस जणांनी एकाची कॉपी केली. पण ते तर चार कोपऱ्यांत बसले होते. कुणी म्हणे सर चुकले. सरांनी चारदा पुन्हा करून बघितलं, चारही वेळा 11.374. आणि मग दात डॉक्टरला मंगळवार आठवला. तिने बघितलं होतं. डबा, दार, कडी, पाव तास. तिने ते एका दाढदुखीवाल्याला सांगितलं, आणि दुपारपर्यंत ते माझ्या खिडकीवर आलं.

तक्रार गेली. मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सगळ्यांना बोलावलं. प्रमाणपत्र अडवून ठेवलं. टेबलापाशी सर, मोठ्या बाई, सिस्टर, दात डॉक्टर, पंखा दुरुस्त करायला आलेले आणि मुद्दाम वेळ लावणारे वायरमामा. दाराबाहेर अर्धं हॉस्पिटल. मी एका पावतीवर सही घ्यायला आत गेलो होतो. ती सही फार वेळखाऊ निघाली.

"सिस्टर," मोठ्या बाई म्हणाल्या, "मंगळवारी तुम्ही सरांच्या खोलीत गेला होतात?"

"गेले होते."

"दार आतून बंद होतं?"

"होतं."

"कशासाठी?"

"ते मी सांगणार नाही."

बाहेर एक सुस्कारा उठला. सर छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, पंखाही मामांनी काढून ठेवला होता.

"हे बघा," मोठ्या बाई नरमाईने म्हणाल्या, "तुम्ही कारण सांगितलं नाहीत तर प्रमाणपत्र मला देता येणार नाही. लसीकरणाची खोली जाईल. शिवाय सेवापुस्तकात शेरा येईल."

मला वाटलं आता सांगतील. त्या एकदा सरांकडे बघून म्हणाल्या, "दाराचं मी काही बोलणार नाही. गणित विचारा. इथेच करून दाखवते."

दात डॉक्टरने तत्परतेने आपला लॅपटॉप पुढे सरकवला. "याच्यावर करा ना."

सिस्टरांनी केलं. एक एक बोट टेकवत, प्रत्येक ओळ टाइप करण्याआधी कागदाशी जुळवत. ठरलेला आकडा सांगितला, साठ चिठ्ठ्या काढल्या, सरासरी काढली. पडद्यावर आलं 11.618.

"बघा!" दात डॉक्टर म्हणाली. "बघा! आमचंच उत्तर आलं. मग परीक्षेत सरांचं कुठून आलं?"

सिस्टर पडद्याकडे बघत राहिल्या. इतका भांबावलेला चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता, आणि मी लसीला आलेल्या बापांचे चेहरे पाहिलेत.

"माझा लॅपटॉप," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्याच्यावर करू द्या."

त्यांच्या लॅपटॉपवर त्याच ओळी, तोच आकडा. 11.374.

मोठ्या बाईंनी दोन्ही पडदे आळीपाळीने बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. सर पुटपुटले, "हे शक्य नाही. चिठ्ठ्या त्याच निघायला हव्यात." वायरमामा पंख्याचं पातं हातात घेऊन उभे होते, त्यांना ते कुठे ठेवावं तेही सुचत नव्हतं.

"मामा," सिस्टर म्हणाल्या, "सरांचा संगणक इथे आणा."

"तो? तो उचलला तर मरेल."

"मग आपण जाऊ तिकडे."

सगळी वरात सरांच्या खोलीत. सिस्टरांनी दोन्ही लॅपटॉप सरांच्या संगणकाशेजारी ठेवले, तिन्ही बंद करून पुन्हा सुरू करायला लावले, आणि त्या वाकल्या. एका मुलाला एका बाटलीतून ताप येतो, दुसऱ्याला दुसरीतून येत नाही, तेव्हा त्या आधी काय बघतात? बाटलीवरचा नंबर. हे सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्या ओळीतच आपला नंबर सांगतं. ती ओळ बाकी सगळे न वाचता पुढे जायचे.

"सरांचा, 3.5.1," त्यांनी वाचलं. "माझा, 3.5.1." मग दात डॉक्टरच्या लॅपटॉपकडे वळल्या. "हिचा, 4.3." आणि सरळ उभ्या राहिल्या. "बॅच वेगळी आहे."

"त्याने काय होतं?" सर म्हणाले. "व्हर्जनने चिठ्ठ्या बदलत नाहीत."

वायरमामा एव्हाना दात डॉक्टरच्या लॅपटॉपवर काहीतरी शोधत होते. पातं त्यांनी सरांच्या खुर्चीत ठेवलं होतं. "बदलतात, सर," ते म्हणाले. "इथे त्यांनीच लिहून ठेवलंय. 3.6 पासून चिठ्ठ्या काढायची पद्धत बदलली. जुनीत थोडी खोट होती. आकडा तोच सांगितला तरी आता मुलं वेगळी निघतात."

"आणि तुम्ही वर्गात म्हणालात," मोठ्या बाई सरांना म्हणाल्या, "की काही फरक पडत नाही."

सर खाली बसणार होते, पण खुर्चीत पातं होतं.

"आणि तुम्ही जुनंच का घेतलं, सिस्टर?"

"कागदावर लिहिलं होतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

दोन्ही उत्तरं बरोबर धरली गेली. तेवीसच्या तेवीस पास झाले. दात डॉक्टरने येऊन "सिस्टर, चुकलं माझं" म्हटलं, आणि त्याच दिवशी ती आपला पोलिओचा राहिलेला डोस विचारायच्या निमित्ताने अर्धा तास खोलीत बसून गेली. सिस्टर म्हणाल्या, "मुली, तुझं वय बघ." फर्मानाची अंमलबजावणी झाली आणि खोली सिस्टरांकडेच राहिली. पुढची पाच वर्षं, निवृत्तीच्या दिवसापर्यंत, त्या तिथेच होत्या. फ्रीजच्या तपमानाचे आलेख आता त्या त्याच लॅपटॉपवर काढत, त्याच 3.5.1 वर. नवं घ्या असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, "लिहून द्या."

पण कुजबुज काही मेली नाही. उत्तरांचा उलगडा झाला, दाराचा नाही ना! उलट लोकांनी नवाच अर्थ काढला, आणि तो आधीच्यापेक्षा जास्त चविष्ट होता. यजमानांनीही घरी विचारलं, "अगं, मला तरी सांग, आत काय करत होतीस?"

"तुम्हाला तर मुळीच नाही. तुमच्या दुकानात दिवसाला चाळीस गिऱ्हाईकं येतात."

यजमान रागावले नाहीत. चार दिवस मात्र चहाला साखर कमी आहे म्हणत होते.

सर निवृत्त झाल्यावर एकदा औषधाला आले. बोलता बोलता त्यांनी मला स्वतःच सांगितलं, आणि म्हणाले, आता कुणालाही सांगा.

मंगळवारी सकाळी कपाटाचा गंजलेला पत्रा सरांच्या पोटरीला लागला होता. सिस्टर डब्यात सुई, औषध आणि कापूस घेऊन त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला गेल्या. सर सुईला घाबरतात. कुणी बघू नये म्हणून त्यांनीच आधी दार लावायला सांगितलं, आणि मग ते रडले. उत्तरपत्रिका खणात होती, खणाला कुलूप होतं, आणि सिस्टरांनी ती पाहिली नव्हती.